सापडलेली हाडे कुणाची? बेपत्ता माणसाचा माग डीएनए कसा काढतो

भंडारदऱ्याहून येणारी प्रवरा अकोले ओलांडते, संगमनेरला म्हाळुंगीला पोटात घेते आणि पुढे राहुरी, नेवासे करत प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. तिथून पुढे नाथसागर, म्हणजे जायकवाडीचे पाणी. समजा, अकोल्यात पुरात एखादा माणूस वाहून गेला. घरच्यांनी अकोले पोलीस ठाण्यात खबर दिली. बारा दिवसांनी नेवासे तालुक्यात, ओळखू न येणारा मृतदेह काठाला लागला. तो आणखी पुढे गेला तर जिल्हा बदलतो आणि पोलिसांचे परिक्षेत्रही बदलते. अहिल्यानगर नाशिक परिक्षेत्रात आहे, पलीकडचा काठ छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात. एका ठाण्याच्या वहीत 'बेपत्ता' अशी नोंद आणि दुसऱ्या ठाण्याच्या वहीत 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०'. माणूस एकच, पण या दोन नोंदी एकमेकींना भेटतीलच याची खात्री नाही.

हे उदाहरण कल्पित आहे, अडचण मात्र रोजची आहे. संगमनेर तर पुणे-नाशिक महामार्गावरचे गाव. चंदनापुरी घाटातून रात्रंदिवस वाहने जातात, शिर्डीला जाणारे पायी दिंडीवाले याच वाटेने चालतात. इथे सापडलेला अनोळखी मृतदेह इथल्याच माणसाचा असेल, असे धरून चालता येत नाही.

दोन वह्या

कुणी हरवले की पोलीस 'मिसिंग' दाखल करतात. नाव, वर्णन, अंगावरचे कपडे, फोटो. अनोळखी मृतदेह सापडला की 'अकस्मात मृत्यू', पोलिसी भाषेत ए.डी., नोंदवली जाते. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, फोटो काढले जातात, आसपासच्या ठाण्यांना कळवले जाते. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले; १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. ठरावीक मुदतीत कुणी ओळख पटवायला आले नाही, तर बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला जातो. असा मृतदेह बहुधा पुरतात. त्यामागे एक व्यवहारी कारणही आहे: पुरलेला देह दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढता येतो, जाळलेला नाही.

बेपत्ता म्हटले की लगेच मृतदेहच डोळ्यांसमोर आणायचे कारण नाही, हे मात्र आधी सांगायला हवे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे शिर्डीतून हरवणाऱ्या माणसांचा प्रश्न आला. एका वर्षात ८८ हून अधिक जण तिथून बेपत्ता झाल्याची नोंद होती. न्यायालयाने मानवी तस्करीची शंका व्यक्त करून पोलिसांना खोलात जायला सांगितले आणि देशभर बातम्या झाल्या. ज्याच्या याचिकेवरून हे सुरू झाले त्याची हरवलेली पत्नी पुढे जिवंत सापडली. हरवलेली बहुतेक माणसे जिवंतच असतात. कुणी रागाने गेलेले असते, कुणाला विस्मरण झालेले असते, कुणाला फसवून नेलेले असते. डीएनएची गरज उरलेल्यांसाठी. आणि त्या उरलेल्यांच्या घरी मात्र वर्षानुवर्षे दार उघडे ठेवून बसलेले कुणीतरी असते.

डीएनए नाव सांगत नाही

सिनेमांमुळे एक गैरसमज पक्का झाला आहे. हाड यंत्रात घातले की पडद्यावर फोटो आणि पत्ता येतो, असा. प्रत्यक्षात डीएनए चाचणी फक्त तुलना करते. एका बाजूला मृतदेहाचा नमुना आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी नमुना असावाच लागतो. दुसरी बाजू नसेल तर प्रयोगशाळेच्या हातात केवळ आकड्यांची एक ओळ राहते.

ही आकड्यांची ओळ येते कुठून? डीएनएच्या लांबलचक साखळीत काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. तो किती वेळा आला, हे माणसागणिक बदलते. अशा प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. आईचे आकडे १२ आणि १५, वडिलांचे १४ आणि १७ असतील तर मुलाकडे १२-१४, १२-१७, १५-१४ किंवा १५-१७ यांपैकी एक जोडी असणार. एका जागेवरून काहीच ठरत नाही, कारण १२-१७ वाले लोक गावोगावी असतील. पण अशा वीस-बावीस जागा एकदम तपासल्या की योगायोगाने सगळ्या जुळण्याची शक्यता जवळजवळ संपते. या जागांना एसटीआर म्हणतात आणि जगभरातल्या प्रयोगशाळा बहुतांशी त्याच त्याच जागा तपासतात.

अहवालात 'हाच तो' असे वाक्य नसते. हा देह या आईवडिलांच्या अपत्याचा असण्याची शक्यता, तो परक्या माणसाचा असण्याच्या तुलनेत किती पट जास्त, असा हिशेब असतो. तो आकडा अनेकदा कोटींच्या घरात जातो, म्हणून आपण सहज 'डीएनए जुळला' म्हणतो.

मामा चालतो, आत्या चालत नाही

कुणाचा नमुना द्यायचा, यावर निकाल बराचसा अवलंबून असतो. सर्वांत भक्कम म्हणजे आई आणि वडील दोघेही. ते नसतील तर मुले, आणि मुलांबरोबर त्यांची आई किंवा वडील, म्हणजे हरवलेल्याचा जोडीदार. एकट्या नवऱ्याचा किंवा बायकोचा नमुना काही उपयोगाचा नाही. रक्ताचे नाते नसते. पण मुलाच्या नमुन्यातून आईचा वाटा वजा केला की उरलेला बापाचा, म्हणून बायकोचे रक्त घेतले जाते. सख्खे भाऊबहीण चालतात, पण एकाने भागेलच असे नाही. दोघे-तिघे आले तर चित्र स्पष्ट होते.

जवळचे कुणीच नसेल तर दोन आडवाटा आहेत. पहिली मायटोकाँड्रियाची. पेशीतल्या या घटकाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणून हरवलेल्याची बहीण, मामा, मावशी, मावसभाऊ, आईची आई या सगळ्यांकडे तोच सापडतो. आत्याकडे नाही, मामेभावाकडेही नाही. दुसरी वाट वाय गुणसूत्राची, बापाकडून मुलाकडे जाणारी. काका, चुलत भाऊ, आजोबा हे तिथे कामाचे. पण हरवलेली व्यक्ती पुरुष असेल तरच. या दोन्ही वाटा घराणे सांगतात, त्यातला नेमका माणूस सांगत नाहीत. पंजाबात अजनाला येथे २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून मोठ्या संख्येने सांगाडे निघाले. हैदराबादच्या सीसीएमबीसह इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मायटोकाँड्रिया आणि दातांतल्या रासायनिक खुणांवरून हे लोक गंगेच्या खोऱ्यातले, म्हणजे १८५७ मध्ये मारले गेलेले सैनिक असावेत, असे दिसले. प्रदेश कळला. नावे कळली नाहीत.

आणखी एक पेच आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच अपघातात दोन सख्खे भाऊ गेले तर आईवडिलांच्या नमुन्यावरून दोन्ही देह त्यांच्याच मुलांचे आहेत, एवढे कळते. थोरला कोणता आणि धाकटा कोणता, हे त्यातून कळत नाही. तेव्हा हाडांवरून वय काढावे लागते, दात पाहावे लागतात किंवा घरात त्यांनी वापरलेली वस्तू शोधावी लागते.

मांडीचे हाड, दाढ आणि कानामागचा कठीण भाग

ताजा मृतदेह असेल तर रक्त किंवा स्नायू पुरेसे असतात. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या देहाचे मऊ भाग सडतात. उष्णता, ओल आणि जिवाणू डीएनएचे बारीक तुकडे करून टाकतात. अशा वेळी मांडीच्या हाडाचा मधला तुकडा किंवा न किडलेली दाढ घेतात. दाताचे कवच आतल्या गराला तिजोरीसारखे जपते. कवटीत कानाच्या आतल्या भागाला वेढणारे हाड शरीरातले सर्वांत घट्ट, त्यामुळे जुन्या सांगाड्यांत तेही उपयोगी पडते. प्रयोगशाळेत हाडाचा वरचा थर घासून काढतात, कारण त्यावर हात लावणाऱ्यांचा डीएनए चिकटलेला असतो. मग अतिशय थंड करून त्याची पूड करतात, चुना विरघळवतात आणि आतला डीएनए वेगळा काढतात. रक्ताच्या नमुन्यापेक्षा हे काम कितीतरी वेळखाऊ आहे. एका प्रयत्नात डीएनए निघेलच असेही नाही.

नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर डीएनए खराब होतो. तरीही नमुन्याच्या बाटलीत सवयीने फॉर्मॅलिन ओतले जाण्याचा धोका असतोच, म्हणून डॉक्टरांना आणि पोलिसांना हे वारंवार सांगावे लागते. पूर्ण जळून राख झालेल्या हाडांतून बहुधा काहीच मिळत नाही. अस्थिकलशातून डीएनए काढून देतो असे कुणी म्हणत असेल तर सावध राहिलेले बरे.

बुलढाण्याचा निर्णय

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. देह असे जळाले होते की आईलाही मूल ओळखता येऊ नये. डीएनए अहवालांना काही दिवस लागणार होते. नातेवाइकांपुढे दोन पर्याय होते: शवागाराबाहेर थांबायचे किंवा सगळ्यांना एकत्र निरोप द्यायचा. चर्चा होऊन दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, बुलढाण्यात २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. एका मुस्लिम प्रवाशाचा दफनविधी वेगळा झाला. त्या दिवशी शोकात बुडालेल्या घरांनी जे ठरवले त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण एक गोष्ट अशा प्रसंगी यंत्रणेने समजावून सांगायला हवी. नमुना घेणे आणि अहवाल येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक देहाला क्रमांक देऊन नमुना काढायला फार वेळ लागत नाही. तो जपून ठेवला तर अंत्यविधी आज आणि नाव महिन्याने, असेही करता येते.

केरळात वायनाडच्या जुलै २०२४ च्या दरडीनंतर हेच झाले. अनोळखी देह आणि अवयव पुथुमला येथे क्रमांकाचे दगड लावून पुरले, डीएनए जुळत गेला तशी क्रमांकांच्या जागी नावे आली. ओडिशातल्या बालासोरच्या रेल्वे अपघातानंतर (२ जून २०२३) एकेका देहावर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला होता. भुवनेश्वरच्या एम्समध्ये डीएनएनेच ते वाद मिटले. तरी २८ देह कुणी नेले नाहीत आणि ऑक्टोबरात त्यांच्यावर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार झाले. नमुने होते, तुलनेला माणसे आली नाहीत.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या विमान अपघातात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. त्यात महाराष्ट्रातलेही होते. बहुतेक सर्वांची ओळख डीएनएने पटवली गेली आणि दोन-अडीच आठवड्यांत काम संपले. विमानात हे तुलनेने लवकर होते, कारण प्रवाशांची यादी हातात असते. कुणाच्या घरी नमुना मागायचा ते पहिल्या तासात कळते. तरीही ब्रिटनमधल्या काही कुटुंबांच्या वकिलांनी चुकीचे किंवा मिसळलेले अवशेष मिळाल्याची तक्रार केली. मिसळलेल्या अवशेषांत एक हाड तपासून पूर्ण पेटी एका नावावर देता येत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या हल्ल्यात गेलेल्या २,७५३ जणांपैकी सुमारे ४० टक्क्यांचे अवशेष अजूनही ओळखले गेलेले नाहीत, आणि तिथली प्रयोगशाळा अद्याप थांबलेली नाही.

रायगडमधल्या इर्शाळवाडीत मात्र डीएनएपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ मृतदेह हाती आले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. ५७ जण मातीखालीच राहिले.

सील, चिठ्ठी आणि मुद्देमाल

नमुना कितीही चांगला असला तरी तो कुणाचा, कुठून काढला, कुणाच्या ताब्यात होता हे सिद्ध झाले नाही तर न्यायालयात त्याची किंमत कमी होते. पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात मे २०१२ मध्ये जळालेले अवशेष सापडले, तेव्हा ओळख पटली नाही. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, शीना बोरा प्रकरण उघड झाले, अवशेष पुन्हा उकरून काढले गेले आणि कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने ते आईच्या नमुन्याशी जुळल्याचा अहवाल दिला. खटला सुरू असताना २०२४ मध्ये सरकारी पक्षाने हाडे सापडत नसल्याचे न्यायालयाला सांगितले, आणि पुढे ती दिल्लीत सीबीआयच्या कार्यालयात असल्याचे समोर आले. देशभर गाजलेल्या प्रकरणात हे होते, तर एखाद्या तालुक्यातल्या बेवारस ए.डी.मधल्या पाकिटाचे काय होत असेल, हा प्रश्न सरळ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका फौजदारी खटल्यात डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होतील असे निर्देश दिले. नमुन्यावर तपशीलवार नोंद, ४८ तासांत प्रयोगशाळेकडे रवानगी आणि प्रत्येक हस्तांतराची वही ठेवणे, हे त्यात आले. महाराष्ट्रात न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे; विभागीय प्रयोगशाळा नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आदी ठिकाणी आहेत. पोलीस ठाण्यात आजही 'सी.ए. रिपोर्ट आला का' असेच विचारतात. रासायनिक विश्लेषकाच्या जुन्या पदनामाची ती आठवण.

बँक का नाही?

लोकनीती फाउंडेशनने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेली मागणी साधी होती. प्रत्येक बेवारस मृतदेहाचा डीएनए नोंदवा, बेपत्तांच्या नातेवाइकांचा नोंदवा आणि संगणकाला तुलना करू द्या. सरकारने कायदा आणतो असे सांगितल्यावर १ मे २०१८ रोजी याचिका निकाली निघाली. जुलै २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत आले. त्यात बेपत्ता आणि अनोळखी मृत अशा दोन स्वतंत्र सूची होत्या, पण त्याच विधेयकात संशयित, कच्चे कैदी आणि गुन्हेगार यांच्याही सूची होत्या. आक्षेप आले ते मुख्यतः त्यावर: इतकी खासगी माहिती कोण, किती काळ आणि कशासाठी वापरणार? संसदीय स्थायी समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला, जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. आक्षेप खरेच होते. पण हरवलेल्यांच्या घरच्यांचा प्रश्न गुन्हेगारांच्या सूचीला बांधला गेला आणि दोन्ही एकदम बुडाले. अर्जेंटिनाने १९८७ मध्येच, हुकूमशाहीत पळवलेल्या नातवंडांच्या शोधासाठी, फक्त कुटुंबांची डीएनए बँक कायद्याने उभी केली होती. वेगळी वाट काढता येते.

'आधारवर बोटांचे ठसे टाकून पाहा' असा सल्ला समाजमाध्यमांवर नेहमी दिला जातो. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ठसे आणि बुबुळांची माहिती कुणालाही देता येत नाही. शिवाय आधारची पडताळणी 'हा क्रमांक आणि हा ठसा जुळतो का' एवढेच सांगते. क्रमांकच माहीत नसेल तर पुढे जाता येत नाही. पोलिसांकडचे ठशांचे भांडार प्रामुख्याने गुन्ह्यांत अटक झालेल्यांचे असते.

घरच्यांच्या हातात काय

पहिले म्हणजे मिसिंग नोंदवणे आणि तिची प्रत जपणे. संगमनेर तालुक्यात शहर, तालुका, घारगाव आणि आश्वी अशी ठाणी आहेत. जवळच्या ठाण्यात जावे, हद्दीच्या कारणावरून परतून येऊ नये. वर्णनात जुनी मोडलेली हाडे, शस्त्रक्रिया, बसवलेली पट्टी किंवा कवळी, गोंदण आवर्जून सांगावे. शरीरात बसवलेल्या पट्टीवर किंवा सांध्यावर अनेकदा क्रमांक असतो आणि त्यावरून रुग्णालयापर्यंत पोचता येते.

दुसरे, वस्तू. हरवलेल्याचा दात घासायचा ब्रश, दाढीचे पाते, न धुतलेली बनियन, कंगव्यातले मुळासकट आलेले केस. हे कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. कापलेल्या केसात मूळ नसल्याने त्यातून साधारणपणे मायटोकाँड्रियाचाच डीएनए मिळतो. काही घरांत मुलांचे दुधाचे दात किंवा वाळलेली नाळ डबीत ठेवलेली असते, तीही टाकू नये. रुग्णालयात कधी गाठ तपासायला दिली असेल तर तिचा तुकडा तिथे जतन केलेला असू शकतो.

तिसरे, म्हातारे आईवडील. मुलगा हरवून दहा वर्षे झाली आणि त्या काळात आई गेली तर तुलनेचा सर्वांत भक्कम नमुना तिच्याबरोबर जातो. कुठे अनोळखी अवशेष सापडल्याचे कळले आणि वय, उंची, काळ जुळत असेल तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून डीएनए तुलना मागता येते. नमुना पोलिसांमार्फत, पंचनाम्यानिशीच गेलेला बरा. खासगी प्रयोगशाळेचा परस्पर काढलेला अहवाल पुढे अडचणीचा ठरतो.

ओळख पटली की मृत्यूचा दाखला निघतो. नाही पटली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे सात वर्षे वाट पाहावी लागते. तोवर ज्यांना बातमी कळायला हवी होती त्यांना ती कळली नसेल, तरच माणूस मृत मानण्याचा मुद्दा न्यायालयात मांडता येतो. त्या सात वर्षांत सातबाऱ्यावर वारस लागत नाही, विम्याचा दावा अडतो, आणि घरातल्या बाईने कुंकू लावायचे की नाही हे शेजारी ठरवू पाहतात.

अनोळखी मृतदेहाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तर तो तसाच पुढे ढकलण्यापेक्षा कोणत्या ठाण्याचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या ए.डी. क्रमांकाचा हे पाहावे. हा तपशील नसेल तर फोटो कितीही फिरला तरी पाहणाऱ्याला जायचे कुठे, ते कळत नाही. चेहऱ्यापेक्षा कपड्यांचे, चपलेचे, हातातल्या दोऱ्याचे किंवा गोंदणाचे वर्णन जास्त उपयोगी पडते. पाण्यातल्या देहाचा चेहरा आठवडाभरात बदलतो आणि सख्खे लोकही त्यात चुकतात.